ट्रान्सजुगुलर बायोप्सी शिकताय? मग वेज आधी नीट शिका

लिव्हरची ट्रान्सजुगुलर बायोप्सी शिकायला आलं की सगळ्यांचं लक्ष सुईकडे असतं, माझंही तसंच होतं. पोटात पाणी आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) वाढलाय, म्हणून मानेतल्या शिरेतून हेपॅटिक व्हेनमध्ये (लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेत) उतरायचं आणि तुकडा घ्यायचा. हे हाताला बसतं, घाबरू नका. मला खरं झुंजवलं ते त्याच सिटिंगमध्ये मोजायच्या एचव्हीपीजीने, म्हणजे लिव्हरला रक्त आणणाऱ्या पोर्टल व्हेनमधला दाब किती वाढलाय ते सांगणाऱ्या ग्रेडियंटने.

वेजमधून (बलूनने हेपॅटिक व्हेन बंद करून घेतलेला दाब) फ्री प्रेशर (बलून न फुगवता घेतलेला दाब) वजा करायचं, एवढंच तर आहे. पण बलून फुगवला, मॉनिटरवरचा आकडा उचलला आणि लिहिला, असं अजिबात करू नका. बलून फुगवून थोडं कॉन्ट्रास्ट (एक्स-रेवर दिसणारं औषध) सोडा, ते पुढे अडकून राहिलं पाहिजे, बलूनच्या कडेने मागे गळत असेल किंवा कोलॅटरलमधून (शिरांना जोडणाऱ्या आडवाटेने) शेजारच्या व्हेनमध्ये पळत असेल तर तो वेज नाहीच, दाब खोटा कमी येणार. ट्रेस (मॉनिटरवरची दाबाची रेघ) स्थिर व्हायला किमान एक मिनिट द्या, आणि हे सगळं तीनदा. फ्री प्रेशर घेताना कॅथेटरचं टोक आयव्हीसीपासून (हेपॅटिक व्हेन जिथे उघडते ती मोठी शीर) 2-3 सेंटीमीटरवर ठेवा, आयव्हीसीचाही दाब घ्या, दोघांत 2 मिमीपेक्षा (पाऱ्याच्या) जास्त फरक आला तर टोक जास्त आत गेलंय, फ्री खोटा वाढतो आणि ग्रेडियंट पुन्हा खोटा कमी. ग्रेडियंट नॉर्मल 5 पर्यंत, 10 ला क्लिनिकली सिग्निफिकंट पोर्टल हायपरटेन्शन, 12 पासून व्हॅरिसेस (अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा) फुटायची भीती. दोन-तीन मिमी इकडेतिकडे झाले की पेशंटचा उपचारच बदलतो!

गाढ सेडेशन (गुंगी) देऊन मोजलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही, मिडाझोलमचा लहान डोस पुरतो. आणि सीनियर निवडायला मिळाला तर फटाफट केस उरकणारा नको, ट्रेसची प्रिंट हातात देऊन "यात वेज कुठे दिसतोय, दाखव" म्हणणारा बघा. सुरुवातीला त्याचा राग येतो, येऊ द्या. ट्रेस वाचणं हळूहळू जमतंच, सगळ्यांना जमतं.

बायोप्सीचे तुकडे यात बारीक निघतात, म्हणून तीन-चार पास घ्या आणि 11 पोर्टल ट्रॅक्ट (लिव्हरमधले बारीक रक्तवाहिन्या आणि पित्तनलिकेचे जुडगे) मिळाले का ते पॅथॉलॉजिस्टशेजारी बसून बघा. आणि एचव्हीपीजी नॉर्मल पण व्हॅरिसेस मोठे, असं दिसलं तर अडथळा सायनुसॉइडच्या (लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या) आधी, पोर्टल व्हेनच्या बाजूला असू शकतो, वेजला तो दिसत नाही. तेव्हा पोर्टल व्हेनचा डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आधी काढून बघा, मग रिपोर्टवर सही करा.