नेटवर्कवरून प्रोग्राम चालवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पाथ कसा लिहावा

बेळगावच्या उद्यमबागेतील ज्या मशिनशॉपचे संगणक मी सांभाळतो, तेथे कार्यालयातील सर्व्हरवर लिनक्स आहे आणि शॉपमधील मशिनजवळच्या संगणकांवर विंडोज आहे. सर्व्हरवरील स्क्रिप्टने रात्री शॉपमधील संगणकावर एक प्रोग्राम सुरू करायचा आणि त्या प्रोग्रामने दिवसभराची मोजमापे उचलून अहवाल तयार करायचा, एवढेच काम असते. ते अडले की लोक आधी केबल तपासतात; माझ्या अनुभवात मात्र दोष बहुतेक वेळा पाथमधील, म्हणजे फाईलचा पत्ता सांगणाऱ्या ओळीतील, तिरक्या रेघेत सापडतो.

पहिला नियम असा की, पाथमधील नावे वेगळी करणारे विभाजक चिन्ह स्क्रिप्ट जेथे चालते त्या संगणकाचे नव्हे, तर पाथ जेथे उघडला जाणार आहे त्या संगणकाचे असावे. युनिक्स आणि लिनक्समध्ये ते / (सरळ स्लॅश) असे आहे. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या 1981 मधील पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच, आणि / हे चिन्ह कमांडचे पर्याय सांगण्यासाठी वापरले जात होते; 1983 मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा ती जागा आधीच भरलेली असल्यामुळे \ (उलटा स्लॅश) हे चिन्ह घेण्यात आले, आणि तेच पुढे विंडोजकडे आले. म्हणूनच ‘विंडोजला सरळ स्लॅशही चालतो’ हे अर्धेच खरे आहे. प्रोग्रामने फाईल उघडताना तो बहुतेक ठिकाणी चालतो, पण कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजमधील कमांड टंकण्याच्या खिडकीत) अवतरणाबाहेर लिहिलेला सरळ स्लॅश आजही पर्यायाची खूण मानला जातो आणि प्रोग्राम सुरूच होत नाही. उलट दिशेने होणारी चूक अधिक फसवी असते, कारण लिनक्समध्ये \ हे फाईलच्या नावातील एक वैध अक्षर आहे. ‘अहवाल\मार्च’ असा पाथ दिल्यास त्रुटी येत नाही, तर त्याच लांब नावाची एक फाईल मुकाट्याने तयार होते.

याच कारणाने, स्क्रिप्ट पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत असेल तर, तिच्यातील पाथ जोडण्याचे नेहमीचे फंक्शन येथे उपयोगी पडत नाही. ते स्थानिक संगणकाचे चिन्ह घालते. लिनक्सवर बसून विंडोजसाठी पाथ रचताना पायथॉनच्याच पाथलिब या संचातील ‘प्युअर विंडोज पाथ’ हा वर्ग वापरावा.

उलटा स्लॅश पायथॉनच्या साध्या अवतरणात लिहिताना आणखी एक गोष्ट घडते, आणि ती आपल्या भागातील गावांच्या नावांवरूनच चांगली समजते. समजा, प्रत्येक गावच्या शाखेचे फोल्डर रोमन लिपीत, लहान अक्षरांत ठेवले आहे. उलट्या स्लॅशनंतर निपाणीचा ‘एन’ आला की नवी ओळ सुरू होते, टिळकवाडीच्या ‘टी’ने टॅब पडतो, रायबागच्या ‘आर’ने कर्सर ओळीच्या आरंभी जातो, बेळगावच्या ‘बी’ने मागचे अक्षर खोडण्याची खूण तयार होते आणि अथणीच्या ‘ए’ने घंटेची. उगारच्या ‘यू’नंतर पायथॉन युनिकोड क्रमांकाची (प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या क्रमांकाची) अपेक्षा करतो आणि तो न मिळाल्यामुळे स्क्रिप्ट सुरूच होत नाही. खानापूर, चिकोडी आणि हुक्केरी मात्र जशीच्या तशी पार होतात. त्यामुळे खानापूरवर तपासून पाहिलेली स्क्रिप्ट निपाणीला बंद पडते, आणि दोष निपाणीच्या संगणकाला दिला जातो. यावर उपाय दोन आहेत: प्रत्येक उलटा स्लॅश दोनदा लिहावा, किंवा अवतरणापूर्वी ‘आर’ हे अक्षर लावून कच्ची स्ट्रिंग (जशाच्या तशा वाचला जाणारा अवतरणातील मजकूर) वापरावी. कच्च्या स्ट्रिंगच्या अगदी शेवटी एकटा उलटा स्लॅश ठेवता येत नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

नेटवर्कवरील फोल्डरचा पूर्ण पाथ असा असतो:

\\भांडार\मोजमापे\मार्च

येथे ‘भांडार’ हे संगणकाचे नाव आणि ‘मोजमापे’ हे शेअरचे, म्हणजे नेटवर्कवर इतरांना खुल्या केलेल्या फोल्डरचे, नाव आहे. साध्या स्ट्रिंगमध्ये याच्या आरंभी चार उलटे स्लॅश लागतात. हाच पाथ एसएसएचमधून (दुसऱ्या संगणकावर कमांड चालवण्याच्या साधनातून) पाठवायचा असेल, तर तो वाटेत किती शेलच्या, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामांच्या, हातांतून जातो ते मोजावे, कारण अलीकडचा शेल एकदा आणि पलीकडचा शेल पुन्हा एकदा आपापल्या नियमांनी ती ओळ वाचतो. पॅरामीटर (कमांडसोबत द्यायची माहिती) यादी करून दिले तरी एसएसएच ते एकाच ओळीत जोडून पलीकडे सोपवतो. स्लॅशांची अशी दुप्पट-चौपट करत बसणे मला पटत नाही. विंडोजच्या संगणकावरच एक छोटी बॅच फाईल (कमांडांची यादी असलेली फाईल) ठेवावी, सर्व पाथ तिच्यात लिहावेत आणि सर्व्हरवरून केवळ त्या फाईलला हाक मारावी.

त्या बॅच फाईलमध्येही एक सापळा आहे. नावात मोकळी जागा असल्यामुळे पाथ अवतरणात घातला आणि त्याच्या शेवटी स्लॅश ठेवला, म्हणजे "\\भांडार\मार्च मोजमापे\" असे लिहिले, तर विंडोजवरील बहुतेक प्रोग्राम शेवटचा स्लॅश आणि अवतरणचिन्ह मिळून एक साधे अवतरणचिन्ह समजतात. मग अवतरण बंदच होत नाही आणि पुढचे पॅरामीटर पाथला चिकटतात. शेवटचा स्लॅश काढून टाकावा, किंवा तो दोनदा लिहावा.

नेटवर्कवरील फोल्डरला जोडलेल्या ड्राइव्हच्या अक्षरावर विसंबू नये. ती जोडणी ज्याच्या लॉगिनमध्ये केली त्यालाच दिसते आणि रात्री टास्क शेड्युलरने (ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीने) चालवलेल्या कामाला ती बहुधा सापडत नाही. त्याऐवजी वर दिलेला पूर्ण पाथ वापरावा. मात्र कमांड प्रॉम्प्ट असा पाथ चालू फोल्डर म्हणून स्वीकारत नाही आणि विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतो, त्यामुळे सापेक्ष पाथ (चालू फोल्डरपासून मोजलेले) चुकतात. ‘पुश-डी’ ही कमांड झेडपासून मागे मोजत एक तात्पुरते ड्राइव्ह-अक्षर देते आणि ‘पॉप-डी’ ते परत घेते.

स्लॅश सर्व बरोबर असूनही ‘पाथ सापडत नाही’ असे उत्तर आले आणि फोल्डरचे नाव मराठीत असले, तर नावातील ‘ऱ्य’ तपासावा. ‘कर्मचाऱ्यांची हजेरी’ यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेला ऱ आणि हलंत घेऊन, किंवा साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण संगणकासाठी ती दोन वेगळी नावे असतात. असे नाव स्क्रिप्टमध्ये पुन्हा टंकू नये. ते मूळ फोल्डरवरूनच उचलून चिकटवावे.