जुना एएम ट्रान्समीटर घेताय? या चुका टाळा

व्हायकिंग रेंजर, व्हॅलियंट, हीथकिटचा डीएक्स-१००, असले १९५० च्या दशकातले अमेरिकन ट्रान्समीटर हॅमफेस्टमध्ये, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या मेळाव्यात, विकायला दिसले की नजर आधी पुढच्या पॅनलवर जाते, डायल चकाचक आहे ना, नॉब सगळे आहेत ना. खरं बघायचं असतं आत, मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आवाज रेडिओ लहरीवर चढवणारा. यांतली ६१४६ ही आउटपुट ट्यूब आजही मिळते, कॅपॅसिटर नवे मिळतात, पण हा ट्रान्सफॉर्मर गेला की तसाच दुसरा हवा म्हणून अख्खा एक सेट मोडीत काढावा लागतो. म्हणून मल्टीमीटर सोबत न्या आणि पैसे द्यायच्या आधी दोन्ही वाइंडिंगची कंटिन्युइटी (तार कुठे तुटलेली नाही ना) तपासा, विकणारा "चालू आहे" म्हणाला तरी.

दुसरी चूक मी स्वतः केलीये. रेंजर डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) ट्यून केला, मग केबल बदलायला लोड काढला तो परत लावायचा राहिला आणि फोन मोडवर (बोलायच्या मोडवर) माइकमध्ये बोललो, तर मागून चट् चट् आवाज आणि लगेच जळक्या वार्निशचा वास. लोड नसला की फायनल (शेवटची आउटपुट) ट्यूब नीट करंट ओढत नाही, तिला ऑडिओ देणाऱ्या मॉड्युलेटरलाही मग लोड राहत नाही, आणि ट्रान्सफॉर्मरवर ऑडिओचं व्होल्टेज इतकं चढतं की इन्सुलेशन फुटतं. तो वास अजून नाकात आहे.

घरी आणल्या आणल्या प्लग लावू नका. व्हेरिॲकने (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू चढवतोय म्हणून निर्धास्त राहायचं पण कारण नाही, कारण रेक्टिफायर ट्यूब असलेल्या सेटमध्ये फिलामेंट नीट तापेपर्यंत हाय व्होल्टेज येतच नाही आणि येतं तेव्हा बरंच येतं. इलेक्ट्रोलिटिक आणि कागदी कॅपॅसिटर सरळ बदला, आणि जुन्याला पॅरलल नवा जोडू नका, जुना सोडवाच, लीक तर तोच होतोय ना. आत हात घालायच्या आधी प्लग काढून, इन्सुलेटेड दांडीने कॅपॅसिटर चॅसिसला शॉर्ट करा. कॅपॅसिटर रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर ओपन (तुटलेला) असला तर ५००-७०० व्होल्ट आत तसेच बसलेले असतात, जीव जाऊ शकतो.

हे सेट ११५-११७ व्होल्टसाठी बनलेत, आज अमेरिकेत भिंतीत १२०-१२४ येतात, म्हणजे ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला साधारण ६.५ ते ६.८. छोट्या फिलामेंट ट्रान्सफॉर्मरचं सेकंडरी उलट्या फेजने सिरीजमध्ये लावलं की तेवढं व्होल्टेज कमी होतं, काम होतं. भारतात आणणार असाल तर नुसता स्टेपडाउन पुरत नाही, ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, व्होल्टेज थोडं कमीच ठेवा.

आणि ऑडिओ बारीक येतोय म्हणून लगेच घाबरू नका. या सेटना हाय इम्पीडन्स माइक लागतो, आजचा लो इम्पीडन्स डायनॅमिक लावला तर आवाज मरतुकडाच येणार. आधी एखादा चांगला डी-१०४ (जुना हाय इम्पीडन्स क्रिस्टल माइक) लावून बघा, मगच ट्रान्सफॉर्मरवर शंका घ्या.