प्रौढ साक्षरतेच्या कामात येताय? आधी नोंदणीबद्दल चार शब्द

बी.एड.ला असताना मी उल्लासची, म्हणजे प्रौढ असाक्षरांना शिकवण्याच्या सरकारी कार्यक्रमाची, स्वयंसेविका झाले, तेव्हा वाटायचं की यात कठीण काय असेल तर शिकवणं. जोडाक्षरं, हातच्याची वजाबाकी. ते जमतं. महिनाभरात तुम्हालाही जमेल, त्याची काळजी करू नका. मी अडकले नोंदणीत. दरवर्षी नवे स्वयंसेवक तिथेच अडकताना दिसतात, म्हणून लिहितेय.

माझ्या सरावाच्या शाळेला असाक्षरांच्या नोंदणीचं उद्दिष्ट आलं होतं. मुदत जवळ आली तशी रोज एकच विचारणा, ‘किती झाले?’ नागपुरात कळमन्याकडच्या एका वस्तीत मी तीन दुपारी फिरले आणि ४३ नावं उल्लासच्या ॲपमध्ये टाकली. शाबासकी मिळाली. मार्चमध्ये चाचणीच्या रविवारी केंद्रावर नऊ जण आले. त्यातले दोघे चौथीपर्यंत शिकलेले होते.

उरलेले ३४ कुठे गेले, हे मी नंतर घरोघर जाऊन शोधलं. दुपारी घरात असते सासू नाहीतर शाळकरी मुलगा. त्यांनी सुनेचं, आईचं नाव दिलं. त्या बाईला कुणी विचारलंच नव्हतं. फोन नंबर मुलाचा, आणि मुलगा पुण्याला कामाला. काही कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेली, काही काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या तोडीला. काहींनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘‘मॅडम जी, नाव लिहून काय भेटते?’’ मी गडबडीत ‘‘फायदा होईल’’ म्हणाले. त्यांना वाटलं योजनेचे पैसे येतील, म्हणून वाचता येणाऱ्यांनीही नाव दिलं. माझी सगळ्यात मोठी चूक ही. त्या वस्तीत पुढचं अख्खं वर्ष माझ्या शब्दाला किंमत नव्हती.

नोंदणी म्हणजे त्या बाईशी तुम्ही स्वतः बोललात, ती कोणत्या वेळी मोकळी असते ते विचारलंत, दिवाळी ते होळी ती गावात असते का ते कळलं, आणि तिला काय वाचायचंय ते तिच्या तोंडून ऐकलंत. एवढं झाल्याशिवाय ॲप उघडू नका. आधारवरचं नाव आणि वस्तीत हाक मारायचं नाव वेगळं असतं, तेही तेव्हाच वहीत लिहून घ्या. एका संध्याकाळी तीन नावं झाली तरी पुष्कळ झाली. वरून दबाव येईल. येऊ द्या.

हा दबाव समजून घ्यायचा तर पैशाकडे बघावं लागतं. उल्लासला, म्हणजेच नवभारत साक्षरता कार्यक्रमाला, २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी १०३७.९० कोटी रुपये मंजूर आहेत. त्यात ७०० कोटी केंद्राचे आणि ३३७.९० कोटी राज्यांचे. उद्दिष्ट देशभरात ५ कोटी माणसांचं. भागाकार करा, माणशी साधारण २०७ रुपये येतात. त्यातच प्रशिक्षण, साहित्य, चाचणी, देखरेख. स्वयंसेवकाला मानधन नाही. आधीच्या साक्षर भारत योजनेत प्रेरकाला, म्हणजे गावात साक्षरतेचं काम बघणाऱ्याला, महिन्याला २००० रुपये मिळायचे, पण ती मार्च २०१८ मध्ये थांबली, आणि जिल्हा तिच्यात घेण्याची मुख्य अट होती २००१ च्या जनगणनेत तिथल्या प्रौढ स्त्रियांची साक्षरता ५० टक्के किंवा त्याहून कमी असण्याची. नागपूर त्यात बसत नव्हतं. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची साक्षरता ८८ टक्क्यांच्या वर गेली, त्याचा आनंद आहेच. पण सात वर्षांवरची चार लाखांहून जास्त माणसं तेव्हाही त्या आकड्याबाहेर होती. जिल्हा पुढारलेला म्हटला की त्यांच्यावरची नजर हटते.

थोडक्यात, बाई वर्गाला येते की नाही यावर कुणाचा पगार अवलंबून नसतो, पण ॲपमधला आकडा रोज वर कळवावा लागतो. म्हणून सगळे आकड्यामागे धावतात. खडू, पाटी, चहा, रिक्षा हे तुमच्या खिशातून जाणार. आधीच ठरवा किती झेपेल आणि तेवढंच करा. मी पहिल्या वर्षी उधारी केली. तुम्ही करू नका.

मार्गदर्शक कुणाला मानायचं, यावर माझं मत पक्कं आहे. प्रशिक्षणात भाषण देणाऱ्यांपेक्षा वस्तीतली अंगणवाडी सेविका शंभर पट उपयोगी. कोणाच्या घरी काय चाललंय, कोणती बाई रात्री आठनंतर मोकळी होते, कोण सही येते म्हणून लाजेखातर साक्षर म्हणवून घेते, हे सगळं तिला माहीत असतं. ‘आधी सही शिकवा, बाकी चाचणीत निभावून नेऊ’ असं सांगणारे भेटतील. त्यांच्यापासून लांब राहा. सहीच्या आनंदात बाई वर्ग सोडते, आणि तिच्या जागी दुसऱ्या कुणीतरी पेपर लिहिला तर तिची फसवणूक तुमच्या हातून होते.

चाचणीची भीती मात्र घेऊ नका, शिकणाऱ्यांनाही घालू नका. १५० गुण, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आणि प्रत्येकात १७ मिळाले की झालं. सकाळी दहा ते पाच यात सवडीने येऊन तीन तास बसता येतं, त्यामुळे धुणीभांडी आटोपून येणाऱ्या बाईलाही जमतं. राहिलीच तर तिच्या कागदावर ‘सुधारणा आवश्यक’ असं येतं, नापास म्हणत नाहीत, आणि पुन्हा बसता येतं. मार्चच्या उन्हात पाण्याची बाटली आणि चष्मा तेवढा आठवणीने आणायला सांगा. चष्म्याअभावी चांगली वाचणारी एक आजी माझ्यासमोर रडली आहे.

दुसऱ्या वर्षी मी अकराच नावं नोंदवली. बैठकीत सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. त्यातल्या एकीने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, ‘‘मले फक्त बसची पाटी वाचता आली पाह्यजे.’’ तिच्यासाठी मी मुळाक्षरं बाजूला ठेवून ‘सीताबर्डी’पासून सुरुवात केली. अकरापैकी दहा जणी चाचणीला आल्या. अकरावी त्या रविवारी लेकीच्या बाळंतपणाला कामठीला होती, आणि तिने तसं फोन करून कळवलं होतं.