घरी लार्ड करताना चरबी कुठली घ्यावी

लार्ड म्हणजे डुकराची वितळवून गाळलेली चरबी. पुण्यात कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात पोर्क घेताना ‘चरबी द्या’ एवढंच म्हणू नका, किडनीभोवतीची मागा. तिचं लार्ड पांढरंशुभ्र, जवळजवळ बिनवासाचं होतं. पाय (pie) आणि केकला हेच हवं. पाठीची चरबी तळणाला, परतायला चांगली. डुक्कर कुठे चरलं, काय खाल्लं हेही विचाराच. कुरणावर वाढलेलं वेगळं, उकिरड्यावर फिरणारं वेगळं. दुसरं घेऊच नका.

एक किलो चरबी तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे सुरीला चिकटत नाही. मांसाचा लाल धागान् धागा काढा, तोच करपून वास येतो. सेंटीमीटरभर तुकडे जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी पाण्यासह अगदी मंद आचेवर ठेवा. पाण्यामुळे सुरुवातीला तळ लागत नाही. दोन-तीन तास अधूनमधून हलवा. बुडबुडे जवळपास थांबले की पाणी उडालं. तुकडे फिके सोनेरी असतानाच उतरवा. तपकिरी होऊ दिलेत तर लार्ड पिवळं आणि उग्र होतं.

मलमलीतून गाळून पूर्ण कोरड्या काचेच्या बरणीत भरा. पाण्याचा अंश राहिला तर बुरशी धरते, पावसाळ्यात तर हमखास. बरणी फ्रिजमध्येच ठेवा. कुरणावरच्या डुकराचं लार्ड जरा मऊ राहतं, तो दोष नव्हे.