परदेशात बिझनेस इंग्रजी शिकायला जाताय? या चुका टाळा

वणी-हिंगणघाटचा जिनिंगवाला (कापसातून सरकी वेगळी करणारा कारखानदार), वरुड-मोर्शीचा संत्रा निर्यात करणारा किंवा एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचा व्यवस्थापक दोन-चार आठवड्यांच्या बिझनेस इंग्रजी कोर्ससाठी इंग्लंड, आयर्लंड नाहीतर माल्टाला जातो. त्याचे पैसे वाया गेलेच, तर ते तिकडच्या वर्गात जात नाहीत, निघायच्या आधी इथेच जातात. कोर्स चुकीचा निवडलेला असतो, व्हिसा भलताच मागितलेला असतो आणि स्वतःच्या धंद्याचा एक कागदही बॅगेत नसतो.

लेसन म्हणजे तास नव्हे

माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ‘आठवड्याला २० लेसन’. आपण ते २० तास समजतो. बऱ्याच संस्थांत लेसन ४५ किंवा ५० मिनिटांचा असतो. ४५ मिनिटांचे २० लेसन म्हणजे १५ तास. दोन संस्थांची फी शेजारी ठेवायची तर आधी दोन्हींचा तासाचा दर काढा, मगच स्वस्त-महाग ठरवा. चौकशीच्या ईमेलमध्ये चार गोष्टी विचाराच: लेसन किती मिनिटांचा, गटात जास्तीत जास्त किती जण, किमान पातळी कोणती आणि किमान वय किती. सहा जणांच्या गटात तुम्हाला बोलायला मिळतं. पंधरा जणांत ऐकायलाच मिळतं.

पातळीचा प्रश्न जास्त अवघड आहे. युरोपीय मोजपट्टीत ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत आणि एक पायरी चढायला साधारण २०० तासांचं शिकवलेलं शिक्षण लागतं. दोन आठवड्यांत तुम्हाला मिळतात ३० तास. तेवढ्यात पायरी बदलत नाही. बदलते ती ठरावीक कामाची सफाई: फोनवर भाव बोलणं, तक्रारीला उत्तर लिहिणं, बैठकीत मधेच थांबवून विचारणं. बिझनेस गटात बसायला बहुतेक ठिकाणी निदान बी१, म्हणजे तिसरी पायरी लागते. त्याखालचा माणूस जनरल इंग्लिशच्या वर्गात जातो आणि सुट्ट्या, हवामान, आवडते पदार्थ यांवर बोलून परत येतो. व्याकरण आणि बी१ पर्यंतचा प्रवास अमरावती-नागपुरात किंवा घरी बसून उरका. पौंडात पैसे मोजून ‘हॅज’ आणि ‘हॅव’ शिकण्यात काही हशील नाही.

प्रवेशाची ऑनलाइन चाचणी पुतण्याकडून सोडवून घेण्याची युक्तीही अंगलट येते. पहिल्या सोमवारी तोंडी चाचणी होते आणि तासाभरात गट बदलतो.

‘टुरिस्ट व्हिसा घे, पुढचं तिथं बघू’

हा सल्ला देणारा एजंट विमानात तुमच्या शेजारी नसतो. प्रत्येक देशाचं गणित वेगळं आहे. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंतचा कोर्स स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर चालतो, पण संस्था मान्यताप्राप्त हवी. इंग्रजीच्या संस्थांची ब्रिटिश कौन्सिलची मान्यता तपासा. सहा ते अकरा महिन्यांच्या इंग्रजी कोर्सला शॉर्ट-टर्म स्टडी व्हिसा आहे, त्याला भारतातून जाणाऱ्यांना क्षयरोगाची तपासणीही लागते, आणि त्यावर काम करता येत नाही. अमेरिकेत आठवड्याला १८ तास किंवा त्याहून जास्त शिकायचं असेल तर बी-१/बी-२ हा व्हिजिटर व्हिसा चालत नाही. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा आणि त्यासाठी संस्थेने दिलेला आय-२० हा प्रवेशाचा फॉर्म लागतो. कॅनडात सहा महिन्यांपर्यंतच्या कोर्सला स्टडी परमिट नको, व्हिजिटर व्हिसा मात्र हवाच. माल्टा शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) असल्याने १८० दिवसांत ९० दिवस मुक्कामाची मर्यादा आणि किमान ३०,००० युरोंचा आरोग्य विमा. नियम बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा एकदा बघा.

आपल्याकडच्या अर्जांचा खरा घोटाळा पैशाच्या कागदांत असतो. चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, एकदम खात्यात येतो. वर्षभर चाळीस-पन्नास हजारांवर असलेलं खातं अचानक बारा लाखांवर गेलं की तपासणाऱ्याला ते उसने आणून ठेवलेले वाटतात. त्या नोंदीला बाजार समितीची हिशेबपट्टी नाहीतर जिनिंगचं बिल जोडा. शेतीचं उत्पन्न प्राप्तिकरातून माफ असल्याने रिटर्नवर उत्पन्न कमी दिसतं. ते का कमी दिसतं, हे सोबतच्या पत्रात दोन ओळींत लिहा. आपण हे सांगायचं विसरतो, कारण आपल्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

सातबारा मराठीत असतो, त्याचं भाषांतर लागतं. ब्रिटनच्या अर्जासाठी त्या भाषांतरावर ते अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. नुसता शिक्का मारून चालत नाही. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, ते तसंच ठेवा. पत्रात एकर आणि सातबाऱ्यावर हेक्टर असं झालं की दोन आकडे जुळत नाहीत. एक हेक्टर म्हणजे साधारण २.४७ एकर. आधार, पासपोर्ट आणि बँक यांतलं नावाचं स्पेलिंग मिळवून घ्या. वडिलांचं नाव एका ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही, हे हमखास सापडतं.

रिकाम्या हाताने वर्गात बसणं

सगळ्यात महाग चूक ही. कोर्सच्या आधी संस्था गरजांचा फॉर्म पाठवते. त्यात ‘संभाषण सुधारायचं आहे’ लिहिलं की शिक्षक पुस्तकातला धडा काढतो, तो असतो कुठल्या तरी मोबाइल कंपनीच्या जाहिरातीवर. त्याऐवजी गेल्या हंगामातले आठ-दहा खरे ईमेल, एक करारनामा, एक गुणवत्ता अहवाल आणि माल नाकारल्याचं एक पत्र न्या. नावं आणि खाते क्रमांक काळे करा. शिक्षकाला तुमचा धंदा माहीत नसतो. तो समजावून सांगणं हाच तुमचा पहिला चांगला सराव.

आणि तो सांगताना कळतं की आपली मापं बाहेर चालत नाहीत. आपण रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) भाव खंडीला बोलतो. खंडी म्हणजे ७८४ पाउंड, सुमारे ३५६ किलो. बाहेरचा खरेदीदार बोलतो पाउंडाला किती सेंट. समजा तो ८० सेंट म्हणाला आणि डॉलर ९० रुपये आहे. पाउंडाला ७२ रुपये, म्हणजे खंडीला ५६,४४८ रुपये. हे गणित बोलता बोलता जमलं पाहिजे, मोबाइल काढून नव्हे. गठाणीचंही तेच. आपली गठाण १७० किलोची, अमेरिकेची ४८० पाउंडांची, म्हणजे सुमारे २१८ किलो. ‘हंड्रेड बेल्स’ म्हणून सोडून दिलं तर शंभर गठाणींत जवळपास ४८ क्विंटलांचा फरक पडतो. वजन किलोत सांगा आणि लिहूनही घ्या.

संत्रावाल्यांची अडचण आणखी मजेशीर आहे. आपण ज्याला इंग्रजीत ‘ऑरेंज’ म्हणतो, ते नागपुरी संत्रं सैल सालीचं, म्हणजे तिकडच्या व्यापारात ‘मँडरिन’. युरोपातल्या खरेदीदाराच्या डोळ्यांपुढे ‘ऑरेंज’ म्हटलं की घट्ट सालीचं फळ येतं, आपल्या मोसंबीच्या गणगोतातलं. ‘नागपूर मँडरिन’ म्हणा. आंबिया आणि मृग बहार हे फळाचे हंगाम शब्दशः सांगू नका, तोडणीचे महिने सांगा. सोयाबीनची ‘डीओसी’ (तेल काढल्यावर उरलेली पेंड) बाहेर ‘सोयाबीन मील’ होते. लाख आणि कोटी तिकडे कळत नाहीत. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन. तारखेत महिना अक्षरात लिहा. ०३/०४ हे लंडनला तीन एप्रिल असतं आणि न्यूयॉर्कला चार मार्च.

‘ओके, ओके’ची सवय

समोरचा बोलत असताना ‘हो, हो’ म्हणत राहणं ही आपली ऐकण्याची रीत. इंग्रजीत तिचं ‘ओके, ओके’ होतं आणि भावाच्या बोलण्यात ते कबुली ठरू शकतं. ऐकतोय एवढंच दाखवायचं असेल तर ‘आय सी’ म्हणा. पटलं नसेल तर लगेच ‘लेट मी चेक दॅट फर्स्ट’. तसंच ‘आय हॅव अ डाउट’ ऐकून तिकडच्या माणसाला वाटतं की तुमचा विश्वास नाही. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा.

ईमेलमधलं ‘काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक’ काढून टाका. नेमकं काय करायचं, कोणी आणि कधीपर्यंत, यातलं काहीच त्यात नाही. ‘प्लीज सेंड द वेट सर्टिफिकेट बाय फ्रायडे, फोर पीएम लंडन टाइम’ एवढ्यात काम होतं.

उच्चाराला घाबरून इंग्रजांची नक्कल करू नका, तिकडे कोणी ती मागत नाही. मात्र ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ सांभाळा. पहिल्यात जोर शेवटच्या ‘टीन’वर आणि तो लांबवून, दुसऱ्यात सुरुवातीला. भाव बोलताना अंक सुटे करून परत म्हणा: ‘वन थ्री, थर्टीन’.

हंगाम आणि फोन

दिवाळीनंतर जिनिंग धडधडत असताना कोर्स घेऊ नका. जुलै-ऑगस्टात ब्रिटनच्या संस्थांत शाळकरी मुलांची गर्दी असते आणि राहण्याचे दर चढतात. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा जिनिंगवाल्याला सोयीचा. उन्हाळ्यात ब्रिटनची वेळ आपल्या साडेचार तास मागे असते, त्यामुळे सकाळी नऊ ते साडेबाराचा वर्ग म्हणजे इथली दुपारी दीड ते पाचची वेळ. नेमके तेव्हाच घरून आणि गोदामावरून फोन येतात. या तासांत फोन दुसऱ्या कोणी घ्यायचा, हे निघायच्या आधी ठरवून ठेवा.

घरगुती मुक्काम घेत असाल तर नुसतं ‘व्हेज’ लिहू नका. अंडं चालतं का, मासे चालतात का, हे वेगळं लिहा. मासे खाणारेही तिकडे स्वतःला शाकाहारी म्हणवताना भेटतात. रात्रीचं जेवण सहा-सातला वाढलं जातं, उशीर होणार असेल तर दुपारीच कळवा.

शेवटी मिळणारं प्रमाणपत्र बहुतेक हजेरीचं असतं. बँकेला, खरेदीदाराला किंवा नोकरीसाठी पातळी दाखवायची असेल तर परीक्षा वेगळी द्यावी लागते. केंब्रिजच्या बिझनेस परीक्षा बी१, बी२ आणि सी१ अशा तीन पातळ्यांवर होतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल सहसा दोन वर्षंच धरला जातो, त्यामुळे ती फार आधी देऊन ठेवण्यात अर्थ नाही.