आईची उंची एकदा भिंतीशी मोजा

साठीपुढच्या बाईची पाठ दुखली की ‘वय झालं’ म्हणून तेल चोळून विषय संपवतात, आणि तिथंच घात होतो. ठिसूळ झालेला मणका ती पडली नसली तरी, पाण्याची कळशी उचलताना किंवा जोरात खोकताना दबून मोडतो. कित्येकदा फारसं दुखतही नाही, फक्त उंची घटते. नेहमीची साडी पायात येऊ लागली, फडताळातल्या वरच्या डब्याला हात पोचेना, तर आईला अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उभं करा. समोर बघताना डोकं भिंतीला टेकत नसेल किंवा तरुणपणापेक्षा उंची ४ सेंमीने घटली असेल, तर डॉक्टरांना पाठीच्या, एका कुशीकडून काढलेल्या एक्स-रेबद्दल आणि हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल विचारा. तोवर मणका ‘बसवून’ घेणं अजिबात नको. पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला तर लगेच रुग्णालय गाठा.