करिअरच्या चाचण्या : अहवाल वाचताना या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की पुण्यात समुपदेशकांची वेळ मिळणं मुश्कील होतं. अकरावीचा ऑनलाइन अर्ज तोंडावर आलेला असतो आणि आई-बाबांना तेव्हा अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, म्हणजे मुलाला काय जमेल हे मोजणारी चाचणी, आठवते. एव्हाना घरात सायन्स ठरलेलंच असतं, चाचणीचा फक्त शिक्का हवा असतो. ती नववीच्या सुट्टीत दिली तर निदान वेगळा विचार करायला वेळ उरतो.

अहवालात सगळ्यात जास्त गोंधळ पर्सेंटाइलचा. ‘‘गणिती क्षमता 60? अहो, शाळेत तर 92 टक्के आहेत!’’ पण 60 पर्सेंटाइल म्हणजे साठ टक्के गुण नव्हेत. तुलनेच्या गटातल्या शंभर मुलांपैकी साधारण साठ जण याच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे मुलगा सरासरीच्या थोडा वरच आहे. शिवाय ती शंभर मुलं कुठली, हेही विचारा. गट परदेशातला असेल किंवा फक्त महागड्या इंग्रजी शाळांमधला, तर आकडा फसवा निघतो. आणि 55 व 62 मध्ये फरक शोधत बसू नका. तीच चाचणी पुन्हा दिली तर एवढं इकडेतिकडे सहज होतं.

भाषेची चूक मात्र जास्त महागात पडते. मराठी माध्यमातल्या मुलीसमोर शाब्दिक तर्काचे प्रश्न इंग्रजीतून येतात. अवघड असतं ते प्रश्नातलं इंग्रजी, तर्क नव्हे. तरी अहवालात छापून येतं : भाषिक क्षमता कमी. झालं, वकिली आणि पत्रकारिता यादीतून बाद! आकृत्यांच्या तर्कात 80 आणि शाब्दिक तर्कात 20 अशी दरी दिसली, तर आधी भाषेवर संशय घ्या आणि चाचणी मराठीतून मागा. पुण्यात ते अशक्य नाही. सदाशिव पेठेतल्या ज्ञान प्रबोधिनीत मानसशास्त्रीय चाचण्यांचं काम कित्येक वर्षं चालू आहे.

आवड आणि क्षमता यांचीही सर्रास सरमिसळ होते. राज्य मंडळाने 2016 मध्ये दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली. त्यात शेतीपासून गणवेशधारी सेवांपर्यंत सात क्षेत्रं होती. ती चाचणी आवड मोजत होती, काम जमेल की नाही ते नव्हे. पण घरोघरी निकालासारखी वाचली गेली. आवडीच्या प्रश्नावलीत आणखी एक गोम असते. ‘यंत्र दुरुस्त करायला आवडेल का?’ ज्याने कधी पाना हातात धरला नाही, तो ‘नाही’ म्हणणार. हा नकार अनुभव नसल्याचा आहे. अशा मुलाला भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ओळखीने दोन दिवस बसवा आणि मग तोच प्रश्न विचारा. सगळीच क्षेत्रं मध्यम आली तरी उपाय हाच. दुसरी, तिसरी चाचणी विकत घेण्यात अर्थ नाही.

बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा तक्ता काढून देणाऱ्यांकडे जाऊच नका. त्वचेवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात. त्यांवरून करिअर सांगण्याला शास्त्रीय आधार नाही, अहवाल कितीही गुळगुळीत कागदावर छापलेला असो.

मोठ्यांच्या चुका वेगळ्या. हिंजवडीतली नोकरी नकोशी झाली की लोक रात्री मोबाइलवर फुकट चाचणी देतात आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रकार सांगणारी चार अक्षरं (उदा. INTJ) मिळाली की राजीनाम्याची भाषा सुरू होते. अशी अक्षरं देणाऱ्या एमबीटीआय या प्रसिद्ध चाचणीचे प्रकाशकच सांगतात, की नोकरभरतीसाठी ती वापरू नका. मग राजीनाम्यासाठी का वापरायची? कधीकधी काम ठीक असतं. त्रास असतो तो साहेबाचा किंवा वाकडच्या पुलाखालच्या रांगेचा. चाचणीला तो दिसत नाही. म्हणून आधी दोन आठवडे रोज संध्याकाळी दोन ओळी लिहा : आज कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही, आणि कशाने डोकं उठलं. समुपदेशकाकडे जाताना ती वही सोबत न्या आणि अहवाल उघडण्याआधी त्यांना वाचायला द्या.